कुत्र्याच्या पिल्लांचं दूध तोडताना: तिसऱ्या आठवड्यापासून आठव्यापर्यंत

दूध तोडायचं म्हणजे एके दिवशी आईला उचलून दुसऱ्या खोलीत ठेवायचं, ही समजूत फार महागात पडते. असं केलं की इकडे पिल्लांना जुलाब लागतात आणि तिकडे आईचे सड दगडासारखे कडक होतात. पिल्लांची आतडी नव्या अन्नाला सरावायला वेळ घेतात आणि आईचं दूधही सावकाशच आटतं. दोन्ही मिळून चार ते पाच आठवड्यांचं काम आहे. तिसऱ्या-साडेतिसऱ्या आठवड्यात सुरुवात, सहाव्यापर्यंत पोटाचा मोठा भाग बाहेरच्या अन्नाने भरणं आणि सातव्या-आठव्या आठवड्यात दूध पूर्ण बंद, असा साधारण हिशोब धरा. लहान चणीच्या जातींची पिल्लं यात आठवडाभर मागे राहिली तरी बिघडत नाही.

सुरुवात कधी करायची

कॅलेंडरपेक्षा पिल्लाचं तोंड उघडून पाहा. डोळे १० ते १४ दिवसांत उघडतात, कान त्यानंतर काही दिवसांनी. २१व्या दिवसाच्या आसपास हिरड्यांतून दुधाचे दात टोचायला लागतात, बहुधा सुळे आधी. मग आईचं वागणं बदलतं. ती आडवी पडून पाजायची, ती आता उभ्यानेच पाजते, मधेच उठून जाते, एखादं पिल्लू फारच झोंबलं तर गुरगुरते. तिला रागावू नका. दात आणि नखं दोन्ही बोचतात, आणि आपली मर्यादा पिल्लांना शिकवणं हे तिचं कामच आहे. नखांचं मात्र तुमच्या हातात आहे. दर आठवड्याला नखांची फक्त टोकं कापा, म्हणजे सडांवर ओरखडे उठणार नाहीत आणि ती पिल्लांना जास्त दिवस जवळ घेईल.

तयार झालेली पिल्लं आईच्या भांड्यात तोंड घालतात, तिचं तोंड चाटतात. काही कुत्र्या या दिवसांत खाल्लेलं अन्न पिल्लांपुढे ओकून टाकतात. बघणाऱ्याला किळस येते, पण तो आजार नव्हे, लांडग्यांपासून चालत आलेली रीत आहे. अडचण एकच. ओकलेल्यात मोठे तुकडे असले तर पिल्लांच्या घशात अडकू शकतात. अशी सवय असलेल्या आईचं खाणंही भिजवून, बारीक करून द्या.

आधीची तयारी

तीन आठवडे पुरे व्हायच्या आत आईसाठी पळवाट करून ठेवा. पिल्लं ठेवलेल्या पेटीचा एक काठ असा असावा, की तिला सहज ओलांडता येईल पण पिल्लांना येणार नाही. किंवा शेजारी उंचावर तिची बसायची जागा करा. दूध तोडण्याची निम्मी कामगिरी ही पळवाटच करते, कारण आई स्वतःच थोडी थोडी दूर राहायला लागते.

काटा हवा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, आणि वर पिल्लू बसेल असा डबा. एकसारखी दिसणारी पिल्लं असतील तर वेगवेगळ्या रंगांचे हलके पट्टे बांधा आणि ते दर दोन-तीन दिवसांनी सैल करत जा.

भांडं उथळ आणि जड घ्या. काठ दोन सेंटिमीटरपेक्षा उंच नको. खोल वाडग्यात पिल्लाचं नाक बुडतं. सहा पिल्लांना एक मोठी ताटली पुरते असं वाटतं, पण दोन ताटल्या ठेवल्या तर दुबळ्या पिल्लालाही जागा मिळते.

शी-शूची जागाही आत्ताच ठरवा. साधारण तीन आठवड्यांपर्यंत आईने चाटल्याशिवाय पिल्लांना शी-शू होत नाही, आणि झालेलं तीच साफ करते. बाहेरचं अन्न सुरू झालं की बहुतेक आया हे काम सोडून देतात आणि ते तुमच्यावर येतं. झोपायची जागा एका टोकाला, कागद पसरलेला कोपरा दुसऱ्या टोकाला, जेवणाची जागा या दोन्हींपासून दूर. मांजरांसाठी मिळणारी गोळा होणारी वाळू इथे वापरू नका. पिल्लं ती खातात आणि ती पोटात फुगते.

पातळ पेज कशी करायची

सुकं खाद्य घ्यायचं तर 'पपी'साठीचंच घ्या. पाकिटावर ते वाढीच्या वयासाठी किंवा सर्व वयांसाठी परिपूर्ण आहार असल्याचं लिहिलेलं हवं. पूर्ण वाढ झाल्यावर २५ किलोंच्या वर जाणाऱ्या जातींसाठी 'लार्ज ब्रीड पपी' लिहिलेलं घ्या, कारण त्यात कॅल्शियम बेताचं असतं.

एकाच मापाने एक भाग दाणे आणि तीन भाग कोमट पाणी. उकळतं पाणी नको, त्याने काही जीवनसत्त्वं कमी होतात. २० ते ३० मिनिटं झाकून ठेवा, मग मिक्सरमधून काढा किंवा काट्याच्या चमच्याने घोटा. दाणा बोटांत चिरडून पाहा. मधे कडक गाठ लागली तर अजून दहा मिनिटं द्या. हा कडक गाभा पिल्लाच्या घशात अडकतो, नाहीतर पोटात जाऊन फुगतो. वाढताना पेज अंगाच्या उष्णतेइतकी, म्हणजे ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास हवी. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकला तर गरमही लागू नये, गारही. मायक्रोवेव्हमध्ये तापवली तर नीट ढवळल्याशिवाय देऊ नका. कुठे कोमट आणि कुठे चटका, असं हमखास होतं.

पाण्याऐवजी कुत्र्यांच्या पिल्लांसाठीचं मिल्क रिप्लेसर (आईच्या दुधाऐवजी देतात ते पावडरचं दूध) वापरलं तर ओळखीच्या वासामुळे पिल्लं लवकर तोंड लावतात. पावडर पाकिटावरच्या मापानेच कालवा. 'जरा दाट दिलं तर लवकर भरेल' या हौसेचं बिल जुलाबाने फेडावं लागतं.

गाईचं दूध का नको, हा प्रश्न प्रत्येक वेताला निघतो. कुत्रीच्या दुधात प्रथिनं ७ ते ८ टक्के आणि स्निग्धांश ९ टक्क्यांच्या आसपास असतात. गाईच्या दुधात दोन्ही साडेतीन-चार टक्क्यांच्या घरात. उलट दुधातली साखर गाईच्या दुधात जास्त. म्हणजे पोषण निम्मं आणि पोट बिघडवणारी गोष्ट वरचढ. पाणी घातलं तर पोषण आणखी पातळ होतं.

पहिलं जेवण

आईला तास-दोन तास आधी बाहेर काढा. पिल्लांना भूक लागलेली असावी, पण रडून थकलेली नसावीत. जागेवर पुसता येईल असं काहीतरी अंथरा.

पिल्लामागे दोन-तीन चमचे पेज पुरे. ताटली ठेवली की बहुतेक पिल्लं आधी तिच्यात चालत जातात. एखादं नाक बुडवून शिंकतं, एखादं ताटलीतच बसतं, आणि खरं खाणं सुरू होतं ते एकमेकांचे पाय चाटण्यातून. हे सगळं होऊ द्या. ज्याला उमगत नाही त्याला बोटाच्या टोकावर थोडी पेज लावून ओठांशी धरा. चाटायला लागलं की बोट हळूहळू ताटलीकडे खाली न्या.

पिल्लाची मान धरून नाक पेजेत कधीही दाबू नका, आणि सिरिंजने तोंडात पिचकारी मारू नका. या वयात गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ कच्चा असतो. पातळ अन्न श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला सूज येऊन पिल्लू दोन दिवसांत हातचं जाऊ शकतं. खाल्ल्यानंतर नाकातून पेज येणं, खोकला, छातीत घरघर, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. एकच पिल्लू प्रत्येक वेळी नाकातून दूध काढत असेल तर तोंड उघडून टाळू पाहा. टाळूला फट असू शकते.

१५-२० मिनिटांनी ताटली उचला. उरलेलं आईला चाटू द्या, नाहीतर फेकून द्या. पुढच्या वेळेसाठी ठेवायचं नाही, कारण कोमट पेज जंतूंनाही तितकीच आवडते. मग प्रत्येक पिल्लू कोमट ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडं करा. मानेखाली आणि पायांच्या बेचक्यांत वाळलेली पेज कातडीला चिकटून खाज आणते, आणि ओल्या अंगाने पिल्लू चटकन गारठतं.

पुढचे आठवडे

पहिले तीन-चार दिवस दिवसातून एक-दोनदाच. बाकी आईचं दूध हवं तेव्हा. चौथा आठवडा संपत आला की तीन वेळा, पाचव्यात चार वेळा. पाण्याचं प्रमाण दर दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं कमी करत जा: पाचव्या आठवड्याच्या सुरुवातीला निम्मं खाद्य आणि निम्मं पाणी, सहाव्यात दाण्याचा आकार दिसेल इतपतच ओलं, सातव्यात मुठीभर कोरडे दाणे मिसळून, आठव्यात पूर्ण कोरडं. एका वेळी एकच गोष्ट बदला. खाद्याचा ब्रँड, दाटपणा आणि जेवणाच्या वेळा एकाच दिवशी बदलल्या तर शी कशाने बिघडली हे कळायला मार्ग उरत नाही.

पेज सुरू झाली त्याच दिवसापासून उथळ भांड्यात ताजं पाणी ठेवा. हे अनेकजण विसरतात. दुधात पाणी असतं म्हणून आजवर चाललं. पेज दाट होत गेली आणि पाणी नसलं तर शी खड्यासारखी होते.

आईला दिवसा दूर ठेवण्याचा काळही त्याच गतीने वाढवा. चौथ्या आठवड्यात एका वेळी दोन-तीन तास, पाचव्यात दिवसाचा बराचसा वेळ, सहाव्यात फक्त रात्री पिल्लांजवळ. क्रम मात्र ठरलेला: आधी ताटली, मग आई. दुधाने पोट भरलेलं पिल्लू पेजेकडे पाहतही नाही.

किती खायला घालायचं याचं ढोबळ गणित असं. २ किलोंच्या पिल्लाला दिवसाला साधारण ३५० किलोकॅलरी लागतात. खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये ३८० किलोकॅलरी असतील तर ते झालं ९०-९५ ग्रॅम कोरडं खाद्य, चार वेळांत विभागून प्रत्येकी २३ ग्रॅमच्या आसपास. वजन कोरड्या दाण्यांचं करा, भिजवल्यानंतरचं नाही. आईचं दूध चालू आहे तोवर यापेक्षा कमीच लागेल.

पण गणितापेक्षा काट्यावर विश्वास ठेवा. रोज एकाच वेळी, जेवणाआधी, वजन लिहा. पूर्ण वाढ झाल्यावर जितके किलो होणार, त्या प्रत्येक किलोमागे दिवसाला २ ते ४ ग्रॅम वाढ चांगली. म्हणजे मोठेपणी १० किलो होणारं पिल्लू रोज २० ते ४० ग्रॅमनी वाढावं. नव्या अन्नावर एखादा दिवस वजन जागच्या जागी राहिलं तर घाबरू नका. सलग दोन दिवस वाढ नाही, किंवा वजन घटलं, तर त्या पिल्लाला पुन्हा आईजवळ जास्त वेळ द्या आणि बाकीच्यांच्या आधी वेगळं खाऊ घाला. बरोबरीच्या भावंडांना जमलं म्हणून त्यालाही जमलं पाहिजे, असं नसतं.

पोट बिघडलं तर

पेज सुरू झाल्यावर शीचा रंग गडद होतो आणि ती थोडी मऊ पडते. तेवढं चालतं. पाणीदार झाली तर पहिला संशय जास्त खाण्यावर किंवा घाईवर घ्या. एक पायरी मागे जा: पेज पुन्हा पातळ, प्रमाण निम्मं, आईचं दूध जास्त, दोन दिवस. पिल्लाला उपाशी ठेवू नका आणि माणसांची जुलाब थांबवणारी गोळी देऊ नका. शीमध्ये रक्त, सोबत उलट्या, किंवा पिल्लू सुस्त पडलेलं असेल तर घरगुती उपाय बंद आणि त्याच दिवशी दवाखाना. जाताना ताज्या शीचा नमुना डबीत न्या. या वयात जंत आणि कॉक्सिडिया, जिआर्डिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी डोकं वर काढतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची भीतीही इथूनच सुरू होते.

गोल जंत पिल्लांना जन्माआधीच आईच्या पोटातून आणि नंतर दुधातूनही मिळतात. त्यामुळे 'आमची पिल्लं बाहेर गेलीच नाहीत' या म्हणण्याला अर्थ नाही. जंताचं औषध दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात, पशुवैद्याने सांगितलेल्या मात्रेत आणि त्या दिवशीच्या वजनावर. सोबत आईलाही. पोट ढोलासारखं आणि फासळ्या मोजता येतात, असं पिल्लू खाऊन गुबगुबीत झालेलं नसतं, जंतांनी भरलेलं असतं. हिरड्या फिकट दिसल्या तर आकडेकृमी रक्त पीत असल्याची शंका घ्या. शी रोजच्या रोज उचला. गोल जंतांची अंडी शीतून पडल्या पडल्या लागण करत नाहीत, त्यांना काही आठवडे लागतात, म्हणून रोजची सफाई हा खरा उपाय आहे. हे जंत माणसांनाही बाधतात, विशेषतः लहान मुलांना, तेव्हा हात धुण्यात हयगय नको.

अगदी लहान चणीच्या पिल्लांत आणखी एक धोका असतो. एखादं जेवण चुकलं तरी रक्तातली साखर उतरते. पिल्लू झोकांड्या खातं, डोळे जड होतात, अंग गार पडून थरथरतं. हिरड्यांवर बोटाने ग्लुकोजचं पाणी किंवा मध चोळा, अंग उबेत ठेवा आणि निघा. गिळता येत नसताना तोंडात काही ओतू नका.

पाणी कमी पडतंय का हे पाहायला कातडी चिमटीत धरून उपयोग नाही. इतक्या लहान वयात कातडीखाली चरबी कमी असल्याने अंदाज चुकतो. हिरडीला बोट लावा. ती ओलसर, निसरडी हवी, चिकट नको. लघवी गडद पिवळी दिसली तरीही शंका घ्या.

घरचं अन्न आणि 'ताकद'

नुसतं मांस किंवा नुसता भात-पोळी यावर पिल्लू वाढवू नका. हाडाशिवायच्या मांसात कॅल्शियमच्या मानाने फॉस्फरस कितीतरी पट जास्त असतो. शरीर मग आपल्याच हाडांतून कॅल्शियम ओढतं आणि पाय वाकतात. उलट परिपूर्ण पपी फूडवर वरून कॅल्शियमची पावडर टाकणंही तितकंच चुकीचं. जास्तीचं कॅल्शियम शोषायचं थांबवणं या वयात जमत नाही, आणि मोठ्या जातींची हाडं-सांधे त्यामुळे बिघडतात. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं काहीही ताटलीच्या जवळपास येऊ देऊ नका. शिजवलेली हाडंही नकोत.

आईकडे लक्ष

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दूध सर्वात जास्त असतं. मोठं वेत असलं तर तिची भूक नेहमीच्या दुप्पट ते तिप्पट, कधी त्याहून जास्त. तोवर तिला हवं तितकं खाऊ द्या, तेही पपी फूडच. पिल्लं खायला लागली की पाचव्या आठवड्यापासून तिचं प्रमाण उतरवा. पिल्लं ताटलीवर आणि आई अजून तिप्पट खाते, असं चाललं तर दूध आटणार कसं?

याच काळात, विशेषतः लहान चणीच्या कुत्र्यांत, रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरू शकतं. ती अस्वस्थ होते, धापा टाकते, ताठ पायांनी चालते, मग थरथर आणि झटके. ही वाट पाहण्याची गोष्ट नाही. पिल्लं लगेच बाजूला करा आणि तिला तातडीने दवाखान्यात न्या. गाभण असताना वरून कॅल्शियम दिल्याने हे टळत नाही, उलट धोका वाढतो.

शेवटचं दूध तोडायच्या दिवशी तिला अगदी थोडं खायला द्या, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या पाव भाग, मग निम्मं, मग पाऊण, आणि पाचव्या दिवशी गाभण नसतानाचं पूर्ण खाणं. पाणी मात्र कधीच तोडू नका. सड भरून ताठले तर कळवळून दूध काढायला जाऊ नका. काढलं की शरीराला वाटतं अजून मागणी आहे, आणि पान्हा पुन्हा फुटतो. चोळूही नका. थंड ओलं फडकं काही मिनिटं धरलं तर तिला बरं वाटतं. 'आज शेवटचं एकदा पिऊ दे' म्हणून दोन दिवसांनी पिल्लं परत लावली तर सगळं पहिल्यापासून.

ताठलेले सड तीन-चार दिवसांत सैल पडायला लागतात. रोज एकेक सड बोटांनी हलकेच तपासा. एखादाच गरम, लाल-जांभळा, गाठ आलेला, हात लावू न देणारा असेल, दूध पिवळट-तपकिरी किंवा रक्ताळलेलं दिसत असेल, किंवा तिला ताप असेल, तर सडाला जंतुसंसर्ग झाला आहे. त्यावर औषध लागतं.

नव्या घरी जाताना

दूध सुटलं म्हणजे लगेच पाठवायचं, असं नाही. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू हलवू नका. किती जोरात चावलं की खेळ थांबतो, हे ते भावंडांकडून आणि आईकडून याच दिवसांत शिकतं. लस सहा ते आठ आठवड्यांदरम्यान सुरू होते, तिची तारीख आणि जंताच्या औषधाच्या तारखा वजनांच्या वहीतूनच उतरवून द्या.

सोबत त्याच खाद्याची आठवडाभराची पिशवी द्या. नव्या घरच्यांना दुसरं काही घालायचं असेल तर पहिले तीन दिवस काहीच बदलू नये. मग दोन दिवस पाव भाग नवं, दोन दिवस निम्मं, दोन दिवस पाऊण. पिशवीवर जेवणाच्या वेळा, दर वेळचे ग्रॅम आणि दाणे अजून भिजवून लागतात की कोरडे चालतात, हे मार्करने लिहा. तोंडी सांगितलेलं गाडीत बसेपर्यंत विसरलेलं असतं.